राक्षसालाही कंबरपट्टा बांधावा लागतो

नमस्कार ताई,

माझं वय पंचवीस. ए.टी.डी. (कलाशिक्षकाची पदविका) झालंय, साताऱ्यातल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवते. कॉलेजपासून एका सरांकडे जलरंग शिकतेय. रविवारी आम्ही मेणवली, माहुली, लिंब असं कुठंतरी निसर्गचित्रं काढायला जातो. रात्री मात्र मी वेगळंच काढत बसते. राक्षस, योद्ध्या, पंखांचे वाघ. साठवलेल्या पैशांतून पेन टॅब्लेट घेतलाय. गेमसाठी पात्रं डिझाइन करायचं मनात आहे. सरांना ती चित्रं दाखवली तर म्हणाले, "ही भुतंखेतं काढून हात बिघडेल तुझा." पुण्यातल्या एका स्टुडिओकडे पाठवली, तिथून उत्तर आलं, "रेंडरिंग चांगलं आहे, डिझाइन दिसत नाही." म्हणजे नेमकं काय, कळलं नाही. बाबांच्या लेखी गेम म्हणजे जुगार. नोकरी सोडून पुण्याला जाऊ का? की जलरंगच धरून बसू? सहा चित्रं सोबत जोडते आहे.

— दोन्हीकडची, सातारा

प्रिय दोन्हीकडची,

सहाही चित्रं स्क्रीनवर मोठी करून सावकाश पाहिली. नोकरीचं नंतर बोलू, आधी चित्रांचं.

पहिलं चित्र बुरुजावरच्या योद्धीचं. शिंगांचं शिरस्त्राण, डोक्याहून मोठी खांद्यावरची कवचं, पाठीवर तिच्याच उंचीची तलवार, मागे बर्फाचे डोंगर. लोखंडावरची चमक झकास जमली आहे. वाऱ्यावर उडणारे केस तर एकेक करून काढलेस. या चित्रापायी झोपेचं किती खोबरं झालं असेल ते दिसतंय. पण थोडा वेळ बघत राहिलं की प्रश्न पडायला लागतात. ती तलवार पाठीवर राहिली कशी? ना म्यान, ना पट्टा, ना कडी. असती तरी एवढं लांब पातं खांद्यावरून उपसायला हात पुरणार नाही, अर्ध्यातच अडकेल. हात वर केला तर कवच कानशिलावर आदळेल. कमरेच्या पट्ट्याला सुंदर बक्कल आहे, आणि पट्ट्याचं दुसरं टोक जिथं दिसायला हवं तिथं गडद सावली टाकून तू मोकळी झालीस. गुडघ्यावरच्या कवचाची तीच गत. शिवाय बर्फात उभी, आणि दंड उघडे.

ही बाई कुठली, कुणाची चाकरी करते, हिला जेवायला काय मिळतं, हे चित्र सांगत नाही. सांगणार कसं? शिंगं, कवच, तलवार, बर्फ हे सगळं तू दुसऱ्यांच्या चित्रांतून उचललंस, आणि त्या दुसऱ्यांनी तिसऱ्यांच्या.

आता सहावं. हे तू बहुधा संख्या भरायला म्हणून जोडलंस. वहीच्या पानाचा फोटो, कोपऱ्यात तुझा अंगठाही आलाय. मेणवलीच्या घाटावर बसलेला म्हातारा. घोंगडं डाव्या खांद्यावर, उजवा हात मोकळा, काठी दोन्ही गुडघ्यांत धरलेली. एक वहाण पायात, दुसरी शेजारी काढून ठेवलेली, तिचा अंगठा तुटलेला. चारदोन फटकारे आणि एक राखाडी वॉश (पातळ रंगाचा हात), बाकी कागद कोरा. हा माणूस मेंढरांमागं चालणारा आहे हे मला कुणी सांगावं लागलं नाही. उजवा हात सतत मोकळा ठेवायची त्याला सवय आहे, आज तो लांबून चालत आलाय आणि आता वहाण दुरुस्त केल्याशिवाय उठणार नाही. हे पात्र आहे. स्टुडिओला जे दिसलं नाही ते इथं आहे, आणि तुझ्याच हातचं आहे. फक्त रविवारी जे तुला दिसतं ते रात्री तुझ्या टेबलापर्यंत पोचत नाही. तुझ्या पत्राला माझं उत्तर एवढंच आहे; पुढे लिहितेय ते, हे दिसलेलं तिथवर कसं पोचवायचं याबद्दल.

रेंडरिंग म्हणजे पृष्ठभागाचं काम: उजेड, पोत, चमक. ते तुला येतं. डिझाइन म्हणजे त्याआधी घेतलेले निर्णय. गेममध्ये हे पात्र काय करतं? जवळून लढतं की लांबून, चढतं की पोहतं, इतरांना वाचवतं की चोरी करून पळतं? यातून अंगावरची प्रत्येक वस्तू ठरते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 मध्ये 'राजी' नावाचा गेम काढला. त्यातली नायिका सर्कशीत कसरती करणारी मुलगी आहे. म्हणून ती भिंतींवर धावते, खांबांना लटकते, आणि म्हणूनच तिला जड चिलखत घालून भागणार नाही. ही मुलगी कोण हे आधी ठरलं, की पोशाख निम्मा तिथंच ठरतो.

तुझ्या गावातलंच उदाहरण घे. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात 2024 च्या जुलैत लंडनहून वाघनखं आली, तेव्हा तूही शाळेच्या मुलांना घेऊन रांगेत उभी राहिली असशील. ती गेली पुढच्या मुक्कामाला, पण आपल्याकडची जुनी हत्यारं बघायला संग्रहालय आहेच. दांडपट्टा घे. 2024 मध्ये तो राज्यशस्त्र जाहीर झाला, त्यामुळे हल्ली भाषणांत फार येतो, पण नीट बघतं कोण? त्याची मूठ कोपरापर्यंतच्या खोबणीत आत असते. हात आत घातला की मनगट वळत नाही. म्हणजे पट्टा चालवणाऱ्याचा वार मनगटातून येत नाही, कोपर, खांदा, कंबर असं सगळं अंग फिरतं. मग त्याचे पाय कसे पडतील? मोकळे आणि फाकून. अंगरखा गुडघ्याशी गुंतला तर तो मेला. खांद्यावर तुझ्या योद्धीसारखं कवच चालणार नाही. आणि पट्टा हातात असताना तो पाणी कसं पिईल, दार कसं उघडेल, घोड्याचा लगाम कोणत्या हातात धरेल? एका हत्यारातून पूर्ण पात्र निघालं की नाही? वाघनखं नेमकी उलटी. मूठ मिटली की काहीच दिसत नाही. ती वापरणाऱ्या पात्राला बाहेरून निरुपद्रवी दिसलंच पाहिजे.

दुसरी गोष्ट छायाकृतीची. स्टुडिओत सिल्हूट म्हणतात. पात्र संपूर्ण काळं भरलं तरी ओळखू यायला हवं, कारण मोबाइलवर तुझी योद्धी अंगठ्याच्या नखाएवढी दिसणार आहे. केसांच्या बटा आणि बक्कल तिथं कुणाला दिसतायत! ही गोष्ट आपल्याकडे रस्त्यावरच शिकता येते. पहाटेच्या धुक्यात शंभर पावलांवरून वासुदेव ओळखू येतो: मोरपिसांची उंच टोपी, खाली घोळदार झगा, हातात चिपळ्या. पोतराज पाठमोरा असला तरी कळतो: उघडी पाठ, केसांचा बुचडा, कमरेला चिंध्यांचा घेर, हातात आसूड. 'चांदोबा'त शंकर यांनी काढलेला विक्रम आठव. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, वाकून चालणारा राजा. चेहरा नसता तरी चाललं असतं. तुझी योद्धी काळी भरून बघ. शिंगं सोडली तर कुणीही असू शकते, आणि शिंगंही आता इतकी झालीत की तीसुद्धा कुणाचीही असू शकतात.

लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवर (मोट म्हणजे बैलांनी ओढून पाणी काढायची चामड्याची मोठी पिशवी) तू जातेस, तेव्हा कमानीतला उजेड रंगवत असशील. पुढच्या रविवारी तिथली शरभशिल्पं काढ. विहीर 1719 ते 1724 या काळातली, विरुबाई भोसले यांनी बांधवून घेतलेली. शरभ हा मुळात कल्पनेतला प्राणी. सिंहाचं धड, वर काय काय चढवलेलं. किल्ल्यांच्या दरवाजांवर तर त्याच्या पंजात हत्ती दाबलेले असतात. पाथरवटानं शरभ कधी पाहिला नव्हता. पण त्यानं केलं काय बघ: पंजे मोठे, जबडा मोठा, शेपटीचा ठसठशीत बाक. अंगावरचे केस, शिरा, सुरकुत्या यांच्या नादी तो फारसा लागला नाही, कारण बघणारा खाली, लांब, आणि बरेचदा घाईत असायचा. गेमच्या कॅमेऱ्याची अडचण आणि दरवाजावरच्या शिल्पाची अडचण एकच आहे.

तिथून देगावच्या बाजूला पाटेश्वरला जा. तिथं अग्नी-वृष म्हणून ओळखली जाणारी मूर्ती आहे, माणूस आणि बैल एकाच दगडात. ऋग्वेदात एक ऋचा आहे: चार शिंगं, तीन पाय, दोन डोकी, सात हात असलेला, डरकणारा वृषभ. वाच आणि विचार कर, हे असं वर्णन कुणी तुझ्या हातात देऊन म्हटलं, सोमवारपर्यंत काढून दे, तर काय करशील? सात हात कुठं लावशील? तीन पायांवर तोल कसा सांभाळशील? गेम स्टुडिओत याला ब्रीफ म्हणतात आणि ती साधारण इतकीच अवघड असते. आपल्या पाथरवटांचा अर्धा धंदा या ब्रीफांवर चालला.

यावरून तुझ्या सरांच्या बोलण्याकडे येते. भुतंखेतं काढून हात बिघडतो हे मला मान्य नाही, आणि सरांनीही एकदा औंधला जाऊन यावं असं मी नम्रपणे सुचवीन. तुमच्याच जिल्ह्यात आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1938 मध्ये उभं केलेलं श्री भवानी संग्रहालय. तिथं राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, आणि रविवर्म्यानं आयुष्यभर काय केलं? कुणी न पाहिलेल्या देवांना आणि नायिकांना चेहरे दिले, साड्या नेसवल्या, दागिने घातले. ती पात्रं पुढे त्याच्या छापखान्यातून घराघरांतल्या भिंतींवर गेली. खुद्द बाळासाहेबांनी रामायणाची चित्रं काढून 1916 मध्ये पुस्तक छापलं. त्यात राक्षस आहेत, वानर आहेत, दहा डोक्यांचा रावण आहे. त्यांचा हात काही बिघडला नाही. उलट औंधच्या दालनांत फिरताना एक बघून घे: कुणाची पौराणिक पात्रं जिवंत वाटतात आणि कुणाची नाटकातल्या पोशाखात उभी केल्यासारखी. ज्यांनी माणसं समोर बसवून काढली त्यांची पहिल्या प्रकारात मोडतात. तिथंच इंग्रज शिल्पकार हेन्री मूर याचं आई-मुलाचं दगडी शिल्पही आहे. तपशील जवळजवळ शून्य, तरी आई आणि मूल. छायाकृतीचा धडा तिथं पुन्हा फुकट मिळतो.

पण सरांची भीती अगदीच पोकळ नाही. त्यांना सांगता आलं नसेल, मी प्रयत्न करते. टॅब्लेटवर रेघ चुकली की दोन बोटांनी मागे घेता येते. दिवसभरात शेकडो वेळा मागे घेता येते. त्यामुळे रेघ मारायच्या आधी थांबायची, बघायची सवय सुटते. जलरंगात ती मुभा नाही. वॉश वाळायच्या आत दुसरा रंग सोडायचा की वाळू द्यायचं, हे तिथल्या तिथं ठरवावं लागतं. तुझ्या घाटाच्या चित्रांत कडा कुठं कडक आणि कुठं विरलेल्या ठेवायच्या याची छान समज आहे, आणि रात्रीच्या चित्रांत मात्र सगळ्या कडा सारख्याच धारदार. का, तर झूम करून काढतेस. दुसरं म्हणजे, पडद्यावरच्या चित्रांवरून चित्रं काढत राहिलं की हाताला फक्त चित्रांची सवय लागते, वस्तूंची नाही. सर बिघडणं म्हणतात ते हे असेल तर ते बरोबर आहेत. म्हणून रविवार सोडू नकोस. एवढंच कर की निसर्गचित्र आटोपल्यावर तास-दीड तास माणसांना दे. राजवाडा चौपाटीवर संध्याकाळी उभी राहा: पाणीपुरीवाला एका हातानं पुरी फोडतो तेव्हा दुसरा हात काय करतो, पेढ्यांची पिशवी आणि मूल एकाच वेळी सांभाळणारी बाई वजन कुठल्या पायावर टाकते. थेट शाईनं काढ, पेन्सिल नको. पोवई नाक्यावर, बसस्टँडवर, बावधनच्या बगाडाला. बगाड ओढणाऱ्या बैलांचे खांदे आणि माणसांच्या पाठी बघितल्यावर कुठलाही राक्षस काढताना तुला स्नायूंची पुस्तकं चाळावी लागणार नाहीत.

सरांशी वाद घालू नकोस. त्यांना पुढचे राक्षस आधी जलरंगात काढून दाखव.

साधनांबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगते, कारण या क्षेत्रातली निम्मी मुलं साधनांच्या खरेदीत अडकतात. आहे तो टॅब्लेट पुरे. स्क्रीनवाला नंतर, पगारातून. चित्र काढायचं सॉफ्टवेअर क्रिटा फुकट आहे आणि पुरेसं ताकदीचं आहे, थ्रीडीचं ब्लेंडरही फुकट. ब्लेंडरमध्ये साधी ठोकळ्यांची मांडणी करून पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळचं-लांबचं बरोबर दिसतंय का ते, तपासण्यापुरतं शिकून घे. फोटोशॉप स्टुडिओत लागेल तेव्हा आठवड्यात हाताखाली येईल. सॉफ्टवेअरमधले डिजिटल ब्रश विकत घेऊ नकोस.

आता गृहपाठ. कल्पनेतल्या बर्फाळ किल्ल्यावरून उतरून लिंबच्या विहिरीवर ये आणि तिथली तीन पात्रं कर. एक विहिरीची राखणदारीण, एक शरभ, आणि एक मोट हाकणारा. मोट हाकणाऱ्याचंच बघ. त्याच्याकडे काय असेल? मोटेचा नाडा (जाड दोर), सोंदूर (मोटेचं तोंड सांभाळणारी बारीक दोरी), चाबूक, पाण्यानं भिजलेलं चामडं. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासूनच्या उतारावरून, उतरताना नाड्यावर बसायची सवय असलेला माणूस, त्याचा तोल इतरांपेक्षा वेगळा असणार, तळहात घट्ट्यांनी भरलेले असणार. हा लढायला उभा राहिला तर तलवार कशाला शोधेल? नाडाच फिरवेल. मोट उलटी करून ढाल करेल. राखणदारीण कोण हे मी सांगत नाही. तिचं वय ठरव, ती पाण्याखाली राहते की कमानीवरच्या महालात ते ठरव, आणि मुख्य म्हणजे ती कुणाला आत सोडत नाही ते ठरव.

प्रत्येक पात्राच्या निदान वीस-पंचवीस छायाकृती कर, पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या, ब्रश आणि काळ्या शाईनं, तीन-तीन मिनिटांत. आठ-दहा झाल्या की डोकं रिकामं होईल. खरं काम तिथून पुढे सुरू होतं. त्यातल्या तीन निवड, त्यांचे राखाडी छटांत नमुने कर, मग एकालाच रंग दे. त्यानंतर जे तुझ्या सहा चित्रांत कुठंच नाही ते कर: शीट. समोरून, तिरकं, बाजूनं, मागून, एकाच उंचीवर आडव्या रेषा मारून. हात अंगापासून थोडे सुटे ठेवून सरळ उभं पात्र. शेजारी पट्ट्याची गाठ मोठी करून, वहाणेची आतली बाजू, हत्यार वेगळं. कारण तुझं चित्र पुढे थ्रीडी मॉडेल करणाऱ्याच्या हातात जाणार आहे. तू सावलीत लपवलेलं पट्ट्याचं टोक त्याला बनवायचं असतं, आणि मग तो तुला फोन करतो. चेहऱ्याचे सहा-सात भाव वेगळ्या पानावर.

इथं एक फरक ध्यानात घे, कारण तुझ्या पत्रात दोन कामांची सरमिसळ झाली आहे. कन्सेप्ट आर्ट हे स्टुडिओच्या आतल्या लोकांसाठी असतं, वर सांगितलेल्या शीटसारखं; ते सुंदर नसलं तरी चालतं, स्पष्ट हवं. खेळणाऱ्याला दिसतं ते चित्र, म्हणजे गेमच्या सुरुवातीला झळकणारं, जाहिरातीतलं, पत्त्यांच्या गेममधल्या कार्डावरचं, ते इलस्ट्रेशन. त्यात नाट्य, रचना, उजेड. दोन्ही एकच माणूस करू शकतो, पण अर्ज करताना कुठल्या कामासाठी करतोय ते ठाऊक हवं. तू कन्सेप्टच्या जागेसाठी इलस्ट्रेशन पाठवलंस.

आणि ऐकायला आवडणार नाही असं एक. तुझं माणसांपेक्षा स्थळांचं काम पक्कं आहे. मेणवलीचा घाट, तिथल्या पायऱ्यांवरचा ओला उजेड, वाड्याच्या भिंती. गेमना परिसर लागतात, खूप लागतात, आणि पात्रं करायला उत्सुक असलेल्यांची रांग परिसर करणाऱ्यांपेक्षा मोठी असते. पहिली नोकरी बहुतेक वेळा मडकी, दारं, कुलपं, दिवे, आयकॉन अशा सामानाचीच मिळते. नाक मुरडू नकोस. मडकं कुणाच्या घरातलं आहे हे दाखवता आलं की पुढे त्या घरातली माणसं तुझ्याकडेच येतात. पोर्टफोलिओत, म्हणजे निवडक काम दाखवायच्या फाइलीत, विहिरीचं एक परिसरचित्र आणि तिथल्या सामानाचं एक पान घालच. सगळी मिळून दहा-बारा पानं, त्याहून एक जास्त नको; बघणारा सगळ्यात कच्च्या पानावरून तुला जोखतो. जलरंगाची दोन-तीन वहीची पानं शेवटी जोड, अंगठा न येता.

पुण्याचं. आज राजीनामा देऊ नकोस. तासिकेचे पैसे किती तुटपुंजे आणि किती उशिरा येतात हे मला माहीत आहे, पण तासिकांचा एक फायदा आहे: दुपार तुझी असते. पुणे दोन-अडीच तासांवर आहे. मुलाखतीला, एखाद्या कार्यशाळेला एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. नोकरी हातात आल्यावर खोली बघ; खोली घेऊन नोकरी शोधायला गेलीस तर भाड्याच्या दडपणाखाली पहिलं मिळेल ते काम धरशील. वरच्या तीन पात्रांना शाळा सांभाळून उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंतचा वेळ दे. तोवर सगळी शीटं झाली तर अर्ज पाठव, एक नव्हे, पाच-सात ठिकाणी. तीन पात्रं पुरी करायलाच जमलं नाही, दर वेळी नवं चित्र सुरू करावंसं वाटलं, तर मग हे काम तुला छंद म्हणून आवडतं असं समज. त्यातही काही बिघडत नाही. कार्डांची, पुस्तकांची सुटी कामं घरबसल्या करणारे पुष्कळ आहेत, मीही त्यातलीच.

सुटी कामं घेशील तर लेखी घे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत केलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा. बाहेरून काम करताना हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते सहीनिशी लेखी द्यावे लागतात, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच ते दिलेत असं धरलं जातं. म्हणून करारातले हे दोन रकाने आधी वाच. निम्मे पैसे आगाऊ. दुरुस्त्या किती वेळा ते आधी ठरव, नाहीतर शेवट येतच नाही. गेम बाहेर येईपर्यंत चित्र दाखवता येणार नाही अशी अट असते, ती रास्त आहे; पण बाहेर आल्यावर पोर्टफोलिओत लावता येईल हे लिहून घे. चाचणी म्हणून चार दिवसांचं फुकट काम कुणी मागितलं तर विचार, पैसे किती. आणि इन्स्टाग्रामवर एखादा परदेशी माणूस तुझ्या चित्रावर भाळून जास्तीचा चेक पाठवतो, उरलेले परत कर म्हणतो, तो गिऱ्हाईक नसतो.

एआयबद्दल तू लिहिलं नाहीस, पण मुलाखतीत विषय निघेल. यंत्र तुझी पहिली योद्धी काही सेकंदांत काढतं, शिंगांसकट, कारण तेही दुसऱ्यांच्या चित्रांवरच शिकलं आहे. घोंगडंवाला म्हातारा त्याच्याकडून काढून घ्यायला आधी तुला ती तुटकी वहाण दिसावी लागते. छायाकृतींची पानं, फसलेले नमुने, लेयर (चित्राचे एकावर एक सुटे थर) असलेल्या फायली जपून ठेव. डिझाइन कसं घडलं हे दाखवता येणं आता चित्राइतकंच विचारलं जातं.

बाबांसाठी. त्यांनी टीव्हीवर रमीच्या जाहिराती बघितल्यात, त्यांचं तरी काय चुकलं? त्यांना सांग, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्रानं ऑगस्ट 2025 मध्ये कायदा करून बंदी घातली, आणि तू जे करणार आहेस ते त्यात मोडत नाही. एवढ्यानं पटणार नाही. मग त्यांना विहिरीवर घेऊन जा आणि मोट कशी चालायची ते विचार. मोट त्यांनी स्वतः हाकली नसेल, पण त्यांच्या वडिलांना हाकताना बघितलं असण्याची बरीच शक्यता आहे. सोंदूर कधी ओढायचा, बैल मागे कसे सारायचे, हे त्यांना हातवारे करून सांगू दे, आणि तू काढत राहा. तुला मोट हाकणाऱ्याची ठेवण मिळेल आणि त्यांना मुलगी रात्री काय करते ते कळेल.

शीटं तयार झाली की मला पाठव. सगळ्यांची एकच पीडीएफ कर, आणि फाइलला 'फायनल नवीन फायनल 2' असं नाव नको. तुझं नाव आणि कामाचा प्रकार, बास. स्टुडिओतल्या माणसाच्या डाउनलोडमध्ये 'फायनल' नावाच्या शेकडो फायली पडलेल्या असतात.